जाळीआडचा डोळा

दसऱ्याच्या सकाळी गाड्या धुऊन-पुसून दारात उभ्या राहतात. बोनेटवर स्वस्तिक, पुढच्या जाळीवर झेंडूची जाड माळ, मध्ये आंब्याचा टहाळा, खाली लोंबणारी लिंबू-मिरची. माळ वाळून आपोआप गळेपर्यंत चार-आठ दिवस तशीच राहते. वर्षानुवर्षे यात कुणाचे काही बिघडले नाही. फार तर रेडिएटरला जाणारा वारा थोडा अडत असे.

गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र गाडीच्या तोंडावर एक नवे इंद्रिय आले आहे. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर, २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि त्यानंतर एकामागून एक अनेक गाड्या ‘अ‍ॅडास’ नावाची चालक-साहाय्य यंत्रणा घेऊन भारतीय रस्त्यांवर उतरल्या. पुढच्या वाहनाशी अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल आणि धडक होणार असे दिसताच स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा ही तिची दोन महत्त्वाची कामे. यांपैकी बऱ्याच गाड्यांत ही दोन्ही कामे ज्या रडारच्या जोरावर चालतात, ते रडार बसवलेले असते पुढच्या जाळीच्या आड, कंपनीच्या बोधचिन्हामागे किंवा बंपरच्या खालच्या भागात. म्हणजे नेमके तिथे, जिथे आपल्याला गाडी सजवायची हौस असते.

ही हौस माळेवर थांबत नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर किंवा कुठल्याही शहरातल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत गेलात की भिंतीवर टांगलेल्या जाळ्यांची रांग दिसते. क्रोमची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, महागड्या परदेशी गाडीची नक्कल केलेली, रागीट भुवयांसारखी. तासाभरात जुनी काढून नवी बसते आणि गाडीचा चेहरा बदलतो. त्या तासाभरात गाडीच्या डोळ्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा, आणि त्यासाठी हा डोळा पाहतो कसा, हे आधी समजून घ्यावे लागेल.

अंध अभियंत्याची कल्पना

साधा क्रूझ कंट्रोल जुना आहे. राल्फ टीटर हे अमेरिकी अभियंता वयाच्या पाचव्या वर्षी अंध झाले होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलता बोलता वेग कमी-जास्त करत आणि शेजारी बसलेल्या टीटर यांना हे हिसके असह्य होत, असे सांगितले जाते. वेग स्थिर ठेवणाऱ्या त्यांच्या यंत्राला १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आले. पण ही यंत्रणाही आंधळीच होती. समोर ट्रक आला तरी ती ठरवून दिलेला वेग सोडत नसे.

समोरचे पाहून वेग बदलण्याचा प्रयत्न १९९५ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने लेझरच्या साहाय्याने केला. त्यात ब्रेक लागत नसे, फक्त इंजिनाचा जोर आणि गिअर बदलत. १९९९ च्या सुमारास मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये रडार आले आणि ब्रेकही त्याच्या हाती गेला. पाऊस, धुके, अंधार यांत लेझर आणि कॅमेरा चाचपडतात, तर रडार बऱ्यापैकी पाहू शकते, हे त्यामागचे मुख्य कारण. आज महागड्या गाडीतली ती चैन मध्यमवर्गीयांच्या एसयूव्हीपर्यंत उतरली आहे.

चार मिलिमीटरची लहर

लांबवर पाहणारे हे रडार ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. म्हणजे लहरीची एका सेकंदात सुमारे ७६ अब्ज आंदोलने. अशा लहरीची लांबी चार मिलिमीटरहूनही किंचित कमी भरते. सारी गोष्ट या चार मिलिमीटरभोवती फिरते.

एफएम रेडिओची लहर सुमारे तीन मीटर लांब असते. तिच्या दृष्टीने गाडीची जाळी ही किरकोळ गोष्ट आहे. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची लहर साधारण १२ सेंटिमीटरची. म्हणूनच ओव्हनच्या दारातली बारीक भोकांची जाळी तिला आत कोंडून ठेवू शकते आणि आपल्याला मात्र आतला पदार्थ दिसतो, कारण प्रकाशाची लहर त्या भोकांपेक्षा कितीतरी लहान असते. लहरीच्या वाटेत आलेली वस्तू तिला किती त्रास देईल, हे त्या वस्तूच्या आणि लहरीच्या आकारमानाच्या नात्यावर ठरते. चार मिलिमीटरच्या लहरीसाठी जाळीची प्रत्येक पट्टी, प्रत्येक कोपरा, प्लास्टिकची जाडी, त्यावरचा रंग हे सगळे मोठे अडथळे आहेत.

रडार तीन गोष्टी मोजते. लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर. शंभर मीटरवरच्या वाहनाला आपटून ती सेकंदाच्या दीड-दशलक्षांश इतक्या वेळात परत येते. परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली यावरून वेग. रेल्वे जवळ येताना शिट्टी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तोच हा डोपलर परिणाम. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दिशा. रडारमध्ये दोन-दोन मिलिमीटर अंतरावर बसवलेल्या छोट्या अँटेनांची रांग असते. लहर तिरपी आली तर ती एका अँटेनाला आधी आणि शेजारच्या अँटेनाला किंचित नंतर गाठते. एका अंशाच्या तिरपेपणाला हा फरक सुमारे ०.०३५ मिलिमीटरचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीइतका असतो. एवढ्याशा फरकावरून संगणक ठरवतो की समोरची गाडी आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या.

जाळी बदलल्याने अंतर आणि वेग यांच्या मोजणीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो परतलेल्या लहरीच्या ताकदीत आणि दिशेत. आणि गाडीचे निर्णय नेमके त्यांच्यावरच उभे असतात.

प्लास्टिक, क्रोम आणि रंग

“प्लास्टिकच तर आहे, त्यातून लहरी जातात की,” असे दुकानदार म्हणतो. ते अर्धे खरे आहे. प्लास्टिकच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून लहर थोडी थोडी परावर्तित होते. जाडी योग्य असेल तर ही दोन परावर्तने एकमेकांना खोडून काढतात आणि कवच रडारला जवळजवळ पारदर्शक होते. बंपरसाठी आणि जाळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये ही योग्य जाडी साधारण १.२ ते १.३ मिलिमीटरच्या पटीत येते. तीत सुमारे ०.६ मिलिमीटरचा फरक पडला की हीच परावर्तने एकमेकांना खोडण्याऐवजी बळ देतात. सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट जाडी यांच्यात एवढेच अंतर आहे. मूळ कंपनी रडारसमोरचा भाग हा हिशेब करून, गुळगुळीत आणि सारख्या जाडीचा बनवते. बाजारातली जाळी बनवणाऱ्याच्या मनात हा हिशेब नसतो, त्याला ती भक्कम आणि देखणी हवी असते.

क्रोमचे प्रकरण आणखी सरळ आहे. प्लास्टिकवरचा चकचकीत मुलामा म्हणजे तांबे, निकेल आणि वर क्रोमचा पातळ थर. हा सगळा मुलामा केसाहून पातळ असतो खरा, पण या वारंवारतेची लहर तांब्यात पाव मायक्रॉन खोल जाईपर्यंतच बरीचशी विझते, आणि मुलाम्याची जाडी त्याच्या कित्येक पट असते. रडारपुढे क्रोमची पट्टी लावणे हे डोळ्यापुढे आरसा धरण्यासारखेच झाले. खरे कार्बन फायबरही वीजवाहक असते, त्यामुळे तेही लहरी अडवते. काळ्या प्लास्टिकमध्ये रंगासाठी मिसळलेली काजळी जास्त असेल तर तेही काही लहर शोषते. चंदेरी ‘मेटॅलिक’ रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. त्याचे एकावर एक थर चढले, किंवा ठोकर लागल्यावर गॅरेजमध्ये बंपरवर पुट्टी भरून पुन्हा रंग मारला, की कवचाचा स्वभाव बदलतो.

मग मूळ गाडीच्या बोधचिन्हावर चमक कशी असते? यामागे चांगलेच संशोधन आहे. काही कंपन्या तिथे क्रोमऐवजी इंडियम या धातूचा अत्यंत पातळ थर देतात. हा थर सलग नसतो. एकमेकांना न चिकटलेल्या सूक्ष्म बेटांचा तो बनलेला असतो. डोळ्याला ती आरशासारखी चमक वाटते, पण बेटांमध्ये फटी असल्याने वीज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहू शकत नाही आणि रडारची लहर पार होते. काही गाड्यांचे बोधचिन्ह उठावदार नसून सपाट, काचेसारख्या पट्टीखाली का असते, याचेही उत्तर हेच. दुकानात मिळणारे तसेच दिसणारे चिन्ह आणि हे चिन्ह यांत डोळ्यांना फरक कळत नाही. रडारला कळतो.

अमेरिकेत हा धडा आधी गिरवला गेला. टोयोटाच्या टॅकोमा या लोकप्रिय पिकअपमध्ये २०१८ च्या मॉडेलपासून रडारवर चालणारी सुरक्षा यंत्रणा सरसकट आली. जाळी बदलण्याची तिथे मोठी हौस. त्यामुळे आता तिथले जाळी-उत्पादक सेन्सर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांसाठी वेगळ्या जाळ्या विकतात आणि सेन्सरपुढे मूळ कंपनीचाच झाकणाचा तुकडा बसवायची जागा ठेवतात. आपल्याकडच्या दुकानांत असा प्रश्न अजून फारसा विचारला जात नाही.

धूसर दिसणे आणि चुकीचे दिसणे

रडार पूर्ण झाकले गेले तर ते बहुधा ओरडते. परतीची लहरच येत नाही हे त्याला कळते, आणि समोरच्या पडद्यावर ‘रडार ब्लॉक्ड’ किंवा ‘क्रूझ कंट्रोल उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. जोरदार पावसात, बंपरवर चिखलाचा थर बसल्यावर अनेकांनी तो पाहिला असेल. पाण्याचा पातळ पापुद्राही या लहरी मोठ्या प्रमाणात गिळतो, आणि पाण्याने भरलेली झेंडूची ताजी माळही तेच करते. हा बिघाड त्रासदायक असतो, पण प्रामाणिक असतो. यंत्र म्हणते, मला दिसत नाही, तुम्ही बघा.

खरी काळजी अर्धवट अडथळ्याची आहे. त्याचे दोन प्रकार.

पहिला प्रकार धूसरपणाचा. समजा, नव्या जाळीतून जाताना लहरीची निम्मी ताकद गेली. परत येताना पुन्हा निम्मी गेली. उरली पाव. ताकद पाव झाली म्हणून पल्ला पाव होत नाही. लहर जाताना आणि येताना दोन्ही वेळा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत असल्याने पल्ला ताकदीच्या चौथ्या मुळाने घटतो. म्हणजे १५० मीटरवर दिसणारी मोटार आता सुमारे १०६ मीटरवर दिसू लागेल. ऐकायला हे फार वाईट वाटत नाही. पडद्यावर कोणताही संदेश येत नाही, क्रूझ कंट्रोल चालू राहतो, पुढची गाडी पडद्यावर दिसते. चालकाला वाटते, सगळे ठीक आहे.

दुसरा प्रकार दिशाभुलीचा. कवच एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असेल, किंवा रडारसमोर तिरपी पट्टी येत असेल, तर लहरीचा एक भाग मागे रेंगाळतो. संगणकाला वाटते, लहर बाजूने आली. शंभर मीटरवर एका अंशाची चूक म्हणजे पावणेदोन मीटरचे सरकणे. आपल्या महामार्गावरची लेन साडेतीन मीटरची असते, म्हणजे चूक बरोबर अर्ध्या लेनची झाली. धातूच्या मधमाशी-जाळीत तर आणखी एक गंमत आहे. सारख्या अंतरावरच्या पट्ट्या लहरीला ठरावीक कोनांत फोडतात. दोन-दोन सेंटिमीटरवर पट्ट्या असतील तर मुख्य झोतापासून सुमारे ११ अंशांवर दुय्यम झोत तयार होतो. पन्नास मीटरवर तो दहा मीटर बाजूला जातो. तिथले संरक्षक कठडे किंवा दुसरे वाहन रडारला नाकासमोर असल्यासारखे भासू शकते.

या दिशाभुलीचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्यासमोर आहे असे समजून गाडी मोकळ्या रस्त्यात अचानक ब्रेक लावते आणि मागच्याची त्रेधा उडते. किंवा खरोखर समोर असलेले वाहन शेजारच्या लेनमध्ये आहे असे समजून गाडी वेग कमीच करत नाही. काही गाड्यांत कॅमेरा आणि रडार एकमेकांची साक्ष तपासतात, त्यामुळे यातल्या काही चुका सावरल्या जातात. पण रात्री, पावसात, समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांत कॅमेऱ्याची साक्ष कमकुवत होते, आणि रडारवर सर्वाधिक भिस्त असते ती याच वेळी.

आधी कोण दिसेनासे होते?

रडारला प्रत्येक वस्तू सारखी ठळक दिसत नाही. ट्रकची मागची सपाट पत्र्याची भिंत झळझळीत दिसते. मोटार त्याहून कमी. दुचाकी आणखी कमी, आणि माणूस सर्वांत फिका. लहरीची ताकद घटली की सर्वांत आधी हे फिके लोक दृष्टीआड होतात.

एक हिशेब करून पाहू. पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री आपण क्रूझ कंट्रोल लावून ताशी १०० किलोमीटरने चाललो आहोत. समोर ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल आहे, मागचा दिवा बंद. समजा, तिचे रडारवरचे प्रतिबिंब मोटारीच्या दहाव्या भागाइतके आहे. मग मोटार १५० मीटरवर दिसत असेल तर ही दुचाकी सुमारे ८४ मीटरवर दिसेल. क्रूझ कंट्रोलने लावलेला ब्रेक मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. तो सेकंदाला साडेतीन मीटर प्रतिसेकंद या दराने वेग घटवतो असे धरू. आपला आणि दुचाकीचा वेग जुळेपर्यंत दोघांमधले अंतर ५४ मीटरने कमी होईल. दिसलेली वस्तू खरी आहे याची खात्री करायला यंत्रणेला अर्धा सेकंद लागला, तर त्यात आणखी दहा मीटर. एकूण ६४ मीटर. ८४ मीटरवर दिसलेल्या दुचाकीमागे गाडी वीस मीटर राखून सावरते.

आता निम्मी ताकद खाणारी शोभेची जाळी बसवा. तीच दुचाकी ८४ ऐवजी साधारण ६० मीटरवर दिसेल. लागणारे अंतर ६४ मीटरच आहे. फरक फक्त चार मीटरचा, पण तो चुकीच्या बाजूचा. आता सगळे आपत्कालीन ब्रेकवर किंवा चालकाच्या पायावर अवलंबून. आणि आपत्कालीन ब्रेक त्याच रडारवर विसंबून असतो.

हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक गाडीत ते वेगळे असतील. पण त्यामागचे वास्तव आपल्या रस्त्यांचेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश मृत्यू रडारला सर्वांत फिके दिसणाऱ्यांचे आहेत. जाळीचे पैसे गाडीमालक मोजतो, ती निवडतो तोच. तिची किंमत मात्र जाळी कधी न पाहिलेल्या माणसाला मोजावी लागू शकते.

उलट बाजूने पाहिले तर ही यंत्रणा नीट काम करते तेव्हा केवढे संरक्षण देते तेही लक्षात घ्यायला हवे. आपोआप लागणाऱ्या ब्रेकमुळे पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे अपघात निम्म्याने कमी झाल्याचे अमेरिकेतल्या महामार्ग-सुरक्षा विमा संस्थेला तिथल्या गाड्यांच्या अभ्यासात आढळले. तिथली वाहतूक वेगळी, आपली वेगळी. तरीही ज्या उपकरणासाठी आपण गाडी घेताना जादा पैसे मोजले, ते दोन-चार हजारांच्या शोभेच्या वस्तूने मंद करून ठेवणे शहाणपणाचे नाही.

यात मनाचाही भाग आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये ‘स्वयंचलनातले विरोधाभास’ या विषयावर लिहिलेला निबंध आजही वाचला जातो. यंत्र जितके भरवशाचे, तितका माणसाचा सराव आणि सावधपणा कमी होतो, आणि यंत्र चुकते त्या दुर्मीळ क्षणी मात्र त्याच माणसाने झटक्यात सूत्रे हाती घ्यावीत अशी आपली अपेक्षा असते, असा त्याचा आशय. महिनोन्‌महिने गाडीने स्वतः ब्रेक लावलेला पाहिल्यावर आपला पाय पेडलपासून थोडा दूर विसावू लागतो. जाळी बदलताना गाडीची दृष्टी बदलते, पण आपला तिच्यावरचा विश्वास पूर्वीइतकाच राहतो.

जाता जाता एक शंका. या लहरी आपल्याला घातक तर नाहीत ना? गाडीच्या रडारची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजावी एवढी कमी असते आणि त्याची लहर त्वचेत एक मिलिमीटरही खोल जात नाही. आरोग्याला धोका लहरींपासून नाही, त्या अडवण्यापासून आहे.

कायदा आणि गॅरेज

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील एका निकालात हे अधोरेखित केले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढे लावलेल्या लोखंडी ‘बुल बार’वर कारवाई करायला सांगितले. कारण होते पादचाऱ्यांना होणारी इजा आणि गाडीतल्या माणसांची सुरक्षा. रडार असलेल्या गाडीला लोखंडी गार्ड लावणे आता तिसऱ्याही कारणाने वाईट आहे. शोभेची साधी जाळी या कलमात कुठे बसते यावर वाद घालता येईल, पण अपघातानंतर वॉरंटी किंवा विम्याचा दावा करताना हा वाद आपल्याच अंगावर येतो.

दुसरा भाग दुरुस्तीचा. जाळी किंवा बंपर काढून परत बसवताना रडारचा कंस किंचित हलला तरी त्याची नजर फिरते. म्हणून अशा कामानंतर ‘कॅलिब्रेशन’, म्हणजे रडारची दिशा पुन्हा जुळवणे, आवश्यक असते. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून ठरावीक अंतरावर धातूचे परावर्तक ठेवतात, किंवा निदान-यंत्र जोडून गाडी ठरलेल्या पद्धतीने रस्त्यावर चालवतात. चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असेल तर हे कामही बिघडते, कारण रडारला गाडी ज्या दिशेने खरोखर धावते ती दिशा ‘सरळ’ म्हणून शिकवावी लागते. डेंटिंग-पेंटिंगच्या बिलात या कामाची ओळ नसेल तर ते झालेले नाही, असे समजावे.

काय करावे?

आपल्या गाडीत रडार आहे का आणि कुठे, हे सर्वप्रथम पाहा. वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत चित्र असते. जाळीत किंवा बंपरच्या खालच्या भागात एखादा चौकोनी, सपाट, नक्षी नसलेला काळा तुकडा दिसला, तर बहुधा तोच तो. काही गाड्यांची यंत्रणा केवळ काचेमागच्या कॅमेऱ्यावर चालते. तिथे जाळीचा प्रश्न नसतो, पण काचेवरच्या स्टिकरचा असतो.

त्या तुकड्यासमोर काहीही येऊ देऊ नका. ना स्टिकर, ना फिल्म, ना क्रोमची पट्टी, ना नंबरप्लेटची रुंद फ्रेम. सध्याची उच्च सुरक्षा नंबरप्लेट अ‍ॅल्युमिनियमची असते, त्यामुळे ती मूळ जागेवरून हलवून रडारपुढे आणणे हे क्रोमइतकेच वाईट. माळ घालायची तर बोनेटवर किंवा छताच्या रेलिंगला घाला, किंवा पूजा झाली की गाडी सुरू करण्याआधी काढा. लिंबू-मिरची मागच्या बंपरलाही चालते. पावसाळ्यात निघण्यापूर्वी तो भाग मऊ ओल्या कापडाने पुसा. उच्च दाबाच्या फवाऱ्याचे तोंड त्यावर जवळून धरू नका.

जाळी बदलायचीच असेल तर आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेली, रडारसह चालणारी जाळीच घ्या, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन करून त्याचा कागद मागा. ‘साहेब, काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

जुनी गाडी घेताना पुढची जाळी, बोधचिन्ह आणि बंपर मूळचे आहेत का, पुन्हा रंगवले आहेत का, हे विचारा. क्रूझ कंट्रोलमध्ये पुढची गाडी पडद्यावर उशिरा येणे, वळणावर मधूनच हरवणे, शेजारच्या लेनमधल्या वाहनासाठी ब्रेक लागणे, हलक्या पावसातही संदेश येणे, ही तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत. मात्र संदेश येत नाही म्हणजे सारे ठीक, असे मानू नका. आणि खात्री करण्यासाठी रस्त्यावरच्या वाहनामागे मुद्दाम गाडी नेऊन ब्रेक लागतो का, हा प्रयोग तर कधीच करू नका.

सगळे मूळचे आणि जुळवलेले असले तरी ही यंत्रणा मदतनीस आहे, चालक नाही. रस्त्यावर थांबलेला ट्रक, बैलगाडी, अचानक आडवी येणारी दुचाकी यांच्याबाबत तिच्या मर्यादा पुस्तिकेतच लिहिलेल्या असतात. बरीच रडारे स्थिर वस्तूंकडे मुद्दाम काणाडोळा करतात, नाहीतर प्रत्येक पुलाला आणि फलकाला पाहून गाडी थांबेल. तेव्हा क्रूझ कंट्रोल लावला तरी नजर रस्त्यावर आणि पाय ब्रेकजवळ हवा.

दुकानात भिंतीवरची जाळी आवडली, तर पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: “हिच्यामागे रडार नीट चालते, असे लिहून द्याल का?” लेखी हमी मिळाली तर ठीक. नाहीतर जुनीच जाळी पॉलिश करून घ्यावी.